चिंचेपासून सात पावलं

गडमुडशिंगीच्या बौद्ध वस्तीत बुद्धाची मूर्ती ट्रकमधून चौकापर्यंत आली आणि तिथंच अडली. पुढं विहाराकडे जाणारा बोळ असा, की समोरासमोर दोन बायका आल्या तर एकीला कुणाच्या तरी दारात शिरावं लागतं. त्यातून अखंड काळ्या दगडाची चार टनांची मूर्ती जायची कशी? विहाराचं सगळं काम अंगावर घेतलेल्या प्रसेनजीत मास्तरनं शेवटी क्रेन बोलावली. मूर्ती आता घरांवरून जाणार होती. वाटेतली अकरा घरं सकाळीच रिकामी केली होती आणि माणसं चौकाच्या कडेला उभी होती. त्यात मास्तरची आत्या धोंडुबाईही होती.

वजनाच्या बाबतीत धोंडुबाईला कुणी शिकवावं अशी सोय नव्हती. पंचाहत्तरी ओलांडलेली ही बाई उभी हयात धरणाच्या, रस्त्याच्या कामावर दगड वाहत आली होती. वजन म्हणजे काय ते तिच्या मानेला विचारावं. म्हणून क्रेन आली तेव्हा ती नाक मुरडूनच बघत होती. पण गाडीनं चारी बाजूंना चार लोखंडी पाय काढले, ते फळ्यांवर टेकवून दाबले, आणि चाकांसकट सगळी गाडी जमिनीपासून वर उचलली गेली, तेव्हा तिचा पदर आपसूक तोंडाला गेला.

ऑपरेटर उदयसिंह मुरगूडचा. तो चहाला खाली उतरला तशी ती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पावणं, एवढं बळ येतं कुठनं ह्याला?"

"तेलातनं, आजी."

"चेष्टा करतोस व्हय म्हातारीची?"

"चेष्टा न्हाय. मुरमाची ट्रॉली मागं उलटती बघा, तसंच. इंजिनावर पंप फिरतो, पंप तेल ढकलतो. तेल काय दाबून बारीक होत न्हाय, मग ते नळीतनं जाऊन दट्ट्याला रेटतंय. दट्ट्या जेवढा रुंद, तेवढा रेटा जादा. हात वर करायला एक दट्ट्या, लांब करायला दुसरा. मी नुसती दांडी हलवतो, दोन बोटांनी."

धोंडुबाईनं त्याची दोन बोटं नीट बघून घेतली. तिला इतकी वर्षं वाटत होतं, की बळ हाडात असतं.

"म्हंजे चार टन त्या हुकावर?"

"हुक नुसता धरतोय. भार सगळा पायावर येतो. मूर्ती जिकडं फिरंल, तिकडच्या पायावर जादा." कप खाली ठेवून त्यानं गर्दीकडं मोहरा वळवला. "आन् आयका सगळ्यांनी. उचल, सोड, फिरव, हे आमचा जोतीराम एकटा हातानं दावणार. दुसऱ्या कुणाचं मी आयकत न्हाय. पण थांब म्हणायचं असंल तर कुणीबी म्हणा. दोन्ही हात असं आडवं पसरा, मी थांबतो. खुळ्यानं पसरलं तरी थांबतो."

मूर्तीला रुंद पट्टे बांधले. जोतीरामनं बोट वर केलं. पट्टे ताणले गेले, ट्रकचे दबलेले पाटे कुरकुरत वर आले, आणि मूर्ती ट्रकपासून वीतभर सुटली. तिथं उदयसिंहनं ती क्षणभर धरली, जोखली, मग वर घेतली. मिटलेल्या डोळ्यांचं ते काळंभोर तोंड लोकांच्या डोक्यावरून, छपरांवरून, विजेच्या खांबावरून वर चढत गेलं. असला दगड फूटभर सरकवायला धोंडुबाईच्या काळी वीस गडी लागायचे, शिव्या लागायच्या, कुणाचं तरी बोट जायचं. इथं एक माणूस दोन बोटं हलवत होता. तिला हात जोडावेसे वाटले, आणि ते बुद्धासाठी की त्या तेलासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग क्रेनचा लांबलचक हात विहाराकडं फिरू लागला.

जिकडं फिरंल तिकडचा पाय. धोंडुबाईची नजर वरून खाली आली. त्या बाजूचा पाय चौकातल्या चिंचेच्या अंगाला टेकला होता. चिंचेपासून सात पावलं.

तिथं पेव होतं. एका बड्या शेतकऱ्याचं जोंधळ्याचं पेव, जमिनीत विहिरीसारखं खोल आणि तोंडाला जेमतेम माणूस शिरेल एवढं. पेव उघडलं की आत कोंडलेली विषारी हवा जायला दोन दिवस वारं लागू द्यायचं, मगच माणूस उतरवायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. पण त्या साली धन्याला घाई होती आणि वस्तीतला माणूस स्वस्त होता. तिचा दीर आकाराम दोराला धरून उतरला, आणि थोड्याच वेळात दोर ढिला पडला. नवी नवरी धोंडुबाई तोंडाशी पाटी घेऊन उभी होती. "थांबा, त्यास्नी वर घ्या," म्हणून ती ओरडली. मुकादम म्हणाला, "गप, पाटी सोड." आकारामला वर काढला तेव्हा फार उशीर झाला होता. नंतर तोंडावर फरशी टाकून माती लोटली. पुढं त्यावर चौक झाला, ब्लॉक बसले, आणि गाव विसरलं. साठ वर्षं धोंडुबाई तेवढ्या जागेला वळसा घालून जात होती.

तिनं दोन्ही हात आडवे पसरले.

क्रेन थांबली. मूर्ती वर किंचित झुलली आणि स्थिर झाली.

"आत्या, खुळी झालीस काय? हात घे खाली," मास्तर धावला. पण उदयसिंहनं मास्तरकडं बघितलंही नाही. त्यानं क्रेनचा हात हळूहळू माघारी फिरवला, मूर्ती ट्रकवर ठेवली, इंजिन बंद केलं आणि मगच खाली उतरला.

"काय झालं, आजी?"

"त्या पायाखाली पोकळ हाय."

त्यानं वाद घातला नाही. पाय वर घेतला, फळ्या सरकवल्या, जोतीरामनं चार ब्लॉक उखडून पहार मारली. पहिल्या घावाला माती. दुसऱ्याला दगड खणखणला. तिसऱ्याला खालचं काही तरी मोडलं आणि पहार जोतीरामच्या हातातून सुटून खाली गेली. सगळ्यांनी कान दिले. क्षणभरानं खोल तळातून तिचा आवाज आला. मास्तरनं जवळ आलेल्या पोरांना मागं ढकललं.

क्रेन चौकाच्या दुसऱ्या टोकाला, पक्क्या मुरमावर नेली. चारी पायांखाली दुसरी पहार मारून बघितली. आता हात आणखी लांब जाणार होता, आणि हात लांबला की क्रेन कमी उचलते, म्हणून उदयसिंहनं तक्ता काढून पुन्हा हिशेब केला. दुपारी मूर्ती दुसऱ्यांदा उठली. अकरा घरांवरून, धोंडुबाईच्या पत्र्यावरूनही, सावकाश गेली. तिची सावली पत्र्यावरून सरकताना सगळ्यांनी बघितली. मूर्ती विहाराच्या चौथऱ्यावर टेकली तशी वस्तीनं एका आवाजात "साधू, साधू, साधू" म्हटलं.

पट्टे सोडून उदयसिंह धोंडुबाईजवळ आला. "आजी, आज तुमच्यामुळं वाचलो."

धोंडुबाईला ते ऐकूच आलं नाही. ती अजून त्या लोखंडी हाताकडं बघत होती.

"बाबा, मी हात पसरलं आन् एवढं मोठं धूड थांबलं."

"थांबायचंच असतंय की. त्यात काय नवल?"

धोंडुबाईचे डोळे भरून आले. तिनं त्याची ती दोन बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली.

"तवा न्हाय थांबलं कुणी," ती म्हणाली.