आयझारकिनच्या पायातला दोरा

सागिनबेकला बुटात पाय घालता येईना. वाकलं की मांड्या ठणकायच्या, आणि न वाकता बुटापर्यंत हात पोचायचा नाही.

"अजून धावा!" बायको बुरुलचा कडाडली. "तीस वर्षं बस चालवलीत, सीटवरून हलला नाहीत, आणि परवा एकदम तीन टेकड्या! कुणी सांगितलं होतं?"

"गप बस आणि बूट चढव."

आज नातीचा, आयझारकिनचा, दोरा कापायचा होता. पोर पाऊल टाकायला लागलं की घोट्यांना काळा-पांढरा दोरा बांधायचा, शर्यत लावायची, पहिला येईल त्याने तो कापायचा. पोराची चाल मग कापणाऱ्यावर जाते. थोरल्या नातवाचा दोरा व्याह्यांनी, ओरोझालींनी कापला होता. तेव्हापासून पोरगा नुसता अंगणात धावला तरी हा माणूस मिशीला पीळ द्यायचा, "पाय माझे आहेत हो!" पाच वर्षं हे ऐकून सागिनबेकचे कान किटले होते. शाळेत असताना अख्ख्या नारिनमध्ये त्याला कुणी मागे टाकलं नव्हतं. ही नात तरी आपल्या चालीची व्हायलाच हवी होती.

या खेपेला दोन्ही आजोबांचीच शर्यत ठरली.

"काय व्याही, असे का चालताय?" ओरोझालींनी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

शर्यत सुटली. सागिनबेकचे मेले पाय उचलतच नव्हते. ओरोझाली पुढे निघून गेले, पोचले, कात्री हातात घेतली आणि नातीसमोर ताठ उभे राहिले.

"अहो, वाका की!" लोक ओरडले.

"वाकतोय!" ते अर्धे वाकले आणि "ओय ओय" करत पुन्हा सरळ झाले.

त्यांच्या बायकोला राहवेना. "आठवडाभर गोठ्यामागे चोरून उठाबशा काढल्यात. भोगा आता!"

तेवढ्यात सागिनबेक येऊन थडकला. थांबायला गेला तर गुडघ्यांनी दगा दिला, आणि तो धपकन नातीच्या पायाशी बसला.

"आणा ती कात्री!"

"पहिला मी आलोय!"

"मग कापा ना!"

ओरोझालींनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि कात्री खाली दिली. सागिनबेकने दोरा कापला.

आयझारकिनने आजोबांकडे पाहिलं आणि मोकळं झालेलं पहिलं पाऊल टाकलं, नेमकं त्याच्या दुखऱ्या मांडीवर.

"आई आई गं!" सागिनबेक किंचाळला. "टाक बाळा, अजून टाक!"