टाँक्सनं झाळलेलं पदक

बर्मिंगहॅमच्या त्या गल्लीत जवळजवळ घरटी एक सोनार, आणि लढाई संपल्यापासून सगळ्यांच्या हाती एकच काम : मेलेल्या पोरांच्या चांदीच्या पदकांचे ब्रोच करायचे. फीत काढायची, वरची कडी कापायची, मागे पिन झाळायची. एनॉक ट्रँटरचा हात इतका सुबक की विधवा बायका त्याचंच नाव विचारत येत. त्याचं स्वतःचं पदक मात्र टपालानं आलं तसं, खोकंही न उघडता, खणात पडून होतं.

"मला नाही का करून देणार?" लेटिसनं एकदा विचारलं होतं.

"तुझा नवरा जिवंत आहे," एवढं म्हणून तो पुन्हा जेवायला लागला होता.

रविवारी चर्चच्या आवारात, लढाईत मेलेल्या गल्लीतल्या पोरांच्या नावांच्या दगडावरचा पडदा काढायचा होता. एनॉक येणार नव्हता. का, ते सांगतही नव्हता. त्या गर्दीत एकटीनं उभं राहायचं लेटिसच्या जिवावर आलं होतं. लढाईभर ती एकटीच होती. आता घरात माणूस असून पुन्हा तेच? तो येत नसेल तर निदान त्याचं काहीतरी अंगावर हवं. म्हणून तिनं ते खोकं गुपचूप पलीकडच्या गल्लीतल्या टाँक्स सोनाराकडे नेलं.

टाँक्सनं पदक उलटसुलट केलं. "कुठली बाजू दिसायला हवी, बाई? इकडे राजा, तिकडे घोडेस्वार."

लेटिसनं डोळे बारीक केले. "अहो, याच्या अंगावर चिंधीसुद्धा नाही!"

"संत आहे म्हणतात."

"असेल. पण उघडा बाप्या छातीवर मिरवत मी चर्चला जायची नाही. राजाच राहू दे."

रविवारी सकाळी आरशासमोर तिनं तो ब्रोच कोटाला उजवीकडे लावला. ज्यानं मिळवलं त्यानं डावीकडे लावायचं, तो मेला तर त्याच्या घरच्यांनी उजवीकडे, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात एनॉक परसातून कोळसे घेऊन आला आणि दारातच थांबला.

"काढ ते."

तिनं पिन काढून ब्रोच त्याच्या हाती दिला. आता हा ते चुलीत फेकणार, असंच तिला वाटलं. एनॉक ते खिडकीशी घेऊन गेला.

"कुणी केलं हे?"

"टाँक्सनं."

"टाँक्सनं!" तो कडाडला. "अगं, त्याला किटलीची तोटी धड झाळता येत नाही! ट्रँटरची बायको त्याचं काम लावून हिंडणार? माझी अब्रू चव्हाट्यावर मांडायला निघालीस?"

"तू करून दिलं असतंस तर कशाला गेले असते मी?" लेटिसला रडू फुटलं.

 एनॉकनं खिडकीजवळच्या कामाच्या मेजाशी बसून दिवा पेटवला, फुंकणी तोंडाला लावली आणि टाँक्सची पिन सोडवली. "आणि बिचाऱ्या घोडेस्वारावर का झाळायला लावलीस?"

"उघडा होता मेला!"

एनॉक खो खो हसत सुटला. असा तो लढाईपूर्वी हसायचा. डोळे पुसले तरी ते पुन्हा भरून येत होते.

"एकेक बाई पदक घेऊन येते," तो पिन नव्यानं झाळता झाळता म्हणाला. "रडते. मी पिन लावून देतो. त्या दगडावर माझं नाव नाही, याची लाज वाटते गं, लेटी."

"मला नाही वाटत. मी रोज देवाचे आभार मानते, आणि त्या बायकांसमोर तोंड मिटून घेते."

 ब्रोच निवल्यावर त्यानं तो कानशीनं साफ केला आणि उठून तिच्यासमोर आला. लेटिसनं उजवा खांदा पुढे केला. त्यानं डावीकडे पिन टोचली.

"अरे, डावीकडे ज्यानं मिळवलं त्यानं..."

"कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरून भरून त्या दारूनं पिवळी पडली होतीस तू. सुट्टीवर आलो तेव्हा मी तुला ओळखलंच नव्हतं. तुला दिलं का कुणी पदक?"

"पण लोक विचारतील ना, उजवीकडे का नाही म्हणून."

"उजवीकडे लावायला मी मेलोय का? विचारू देत. मी शेजारीच उभा असेन," असं म्हणत एनॉकनं खुंटीवरची टोपी काढली.