मुद्देमाल खोलीतला सिनेमा

तोंडावर लाखेचं सील होतं, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. मी एक व्हिडिओ कॅसेट. काळी, वीतभर लांब, पोटात दोन चाकं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तीन तासांची फीत. माझ्यासोबत एका खोक्यातून आलेल्या सगळ्या जणींच्या वाट्याला लग्नं आली. माझ्या वाट्याला खून आला.

जवळा बाजार या गावात रत्नपालचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. हळदी आणि जेवणावळी टिपून तो कंटाळला होता. खुनाचा सिनेमा काढायचा, आणि तोही सगळा कोर्टात घडणारा, हे त्याच्या मनात किती वर्षं घोळत होतं. १९९६च्या उन्हाळ्यात, सुट्ट्या लागल्यावर, तिथून काही कोसांवरच्या औंढ्यातल्या एका शाळेची मोठी खोली त्यानं मागून घेतली. टेबलावर टेबल चढवून न्यायाधीशाची जागा केली. बाकांच्या फळ्या उभ्या करून आरोपीचा पिंजरा केला. गोष्ट अशी, की तेलगिरणीच्या मालकाचा खून झालाय आणि गिरणीतल्या नोकरावर आळ आहे. नोकर झाला होता रत्नपालचा मित्र प्रमोद. आणि न्यायाधीश झाला होता जळबा.

जळबा बाजारात पोती उचलणारा हमाल. पण त्यानं "शांतता!" म्हटलं की शूटिंग बघायला खिडकीत जमलेली माणसंसुद्धा गप्प व्हायची. काळा कोट त्याच्या पाठीला पुरत नव्हता, म्हणून मागून उसवून टाचण्या लावल्या होत्या. त्या टोचू नयेत म्हणून तो ताठ बसायचा. लोक म्हणायचे, "काय रुबाब हाय!"

शेवटच्या दिवशी निकाल होता. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर जळबानं नोकराला फाशी सुनवायची होती. त्याच्या आधीची उलटतपासणी चालू असताना शेजारच्या घरातला रेडिओ मोठ्यानं बोलू लागला. दीडच्या मराठी बातम्या. घाटात सकाळी ट्रक उलटल्याचं बाई सांगत होत्या आणि इकडे जळबा साक्षीदाराला दरडावत होता. रत्नपालनं ओठ चावले, पण जळबा असा रंगला होता की कॅमेरा थांबवायचा त्याला धीर झाला नाही. ते सगळं माझ्यात उतरलं.

त्याच दुपारी दीडच्या सुमाराला, तिकडे जवळ्याच्या आठवडी बाजारात अमृतराव नावाच्या व्यापाऱ्याच्या डोक्यात कुणीतरी मागून काठी घातली. तो वाचला. मारणारा त्याला दिसला नव्हता. पण महिन्यापूर्वी जळबाशी त्याचं भांडण झालं होतं, आणि नाव ओठावर तयार होतं.

पोलिसांनी जळबाला उचललं. तो औंढ्यात होता असं सगळे सांगत होते, पण सांगणारे सगळे त्याचेच सोबती.

जळबाची बायको पद्माबाई वकिलांना घेऊन दुकानात आली.

"भाऊ, त्या टायमाला हे तुमच्या कॅसेटीत हायेत ना? मंग द्या की ती."

"वैनी, एकच हाय हो. नांदेडला जाऊन प्रत काढतो, मंग लगेच देतो."

वकील म्हणाले, "हात लावू नका तिला. नक्कल काढताना बदलली म्हणतील. हाय तशी पाहिजे."

रत्नपालनं मला दोनदा खोक्यात घातलं, दोनदा बाहेर काढलं. मग पद्माबाईच्या हातात देऊन तो पाठ करून उभा राहिला. "घेऊन जा. माणूस सुटला पाहिजे."

कोर्टात मला कापडात गुंडाळलं, दोऱ्यानं आवळलं, गाठीवर लाख ओतली. मुद्देमालाच्या खोलीत माझ्या एका बाजूला गंजलेला विळा होता, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी एकच चप्पल. खिडकी नव्हती. दार उघडायचं ते नवीन काही आत टाकायला. पावसाळ्यात ओल यायची, उन्हाळ्यात फीत चिकटायची. माझ्या पोटात खटला होता आणि मी खटल्यात. आतल्या आत प्रमोद फळ्यांच्या पिंजऱ्यात उभाच होता. त्याला मी पुढेही सरकवू शकत नव्हते.

दोन वर्षांनी सील तुटलं. भाड्यानं आणलेला टीव्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ मांडला होता. आरोपीच्या पिंजऱ्यात जळबा उभा होता, निम्म्यानं वाळलेला. जामिनावर असला तरी बाजारात त्याला कुणी पोतं उचलू देत नव्हतं.

मी फिरू लागले. पडद्यावरचा न्यायाधीश गरजला, "खरं बोला! एका माणसाच्या जिवाचा प्रश्न हाय!" पिंजऱ्यातल्या जळबानं दचकून कठड्याला हात लावला. मागून बातम्या ऐकू आल्या, घाटात उलटलेला ट्रक. वकिलांनी दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र पुढे केलं. तोच ट्रक, तोच घाट. जागा शाळेतल्या शिपायानं ओळखली.

खऱ्या न्यायाधीशांनी चष्मा काढला. "पुरे. बंद करा." मग त्यांनी रत्नपालला विचारलं, "पण खून कुणी केला होता?"

"साहेब, ते पुढं हाय. कॅसेट सोडा, मंग दाखवतो."

कोर्टात हशा पिकला. जळबा सुटला. पण निकालाविरुद्ध अपील झालं. कागद वरच्या कोर्टात गेले आणि मी खाली, पुन्हा लाखेखाली. रत्नपाल दर वर्षी अर्ज द्यायचा. एकच उत्तर मिळायचं, अपील चालू आहे.

मी बाहेर आले ती २००६ साली. माझ्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती. रत्नपालनं महिनाभर मला पुसलं. कुणाच्या तरी माळ्यावरून जुनं यंत्र आणलं आणि एका रविवारी सकाळी सगळ्यांना घरी बोलावलं. प्रमोदच्या डोक्यावर टक्कल पडलं होतं. जळबा पद्माबाईचा हात धरून आला.

सिनेमा चालला. निकाल सुनवायला पडद्यावरचा जळबा उठला, आणि माझी फीत यंत्रात गुंतली. पडदा निळा पडला.

"आता काय हो?" पद्माबाई म्हणाली.

"जळबादा, तुमीच म्हणा की निकाल," प्रमोद म्हणाला. "मी उभा राहतो." तो खुर्चीमागं जाऊन उभा राहिला.

जळबा उठला. पाठ ताठ केली. "सगळ्या पुराव्यांवरून हे कोर्ट आरोपीला..." आवाज तसाच होता. मग तो थांबला. त्यानं प्रमोदकडे बघितलं.

"साक्षीदार कितीक होते रे, रत्नपाल?"

"एकच."

"एकच." जळबा खाली बसला. "मला न्हाई जमत. सोडून दे त्याला."

"पण गोष्टीत त्यानंच खून केलाय ना, दादा!"

"केला आसंल. पण तुला ते माहीत हाय. माझ्यापुढं एकच माणूस बोलला."

खुर्चीमागं उभ्या प्रमोदच्या डोळ्यांत पाणी आलं.

रत्नपालनं कात्री न लावता, बोटांनी मला यंत्रातून सोडवलं. त्या दिवसापासून मी त्याच्या कपाटात आहे. निकालाचा तुकडा माझ्यात शाबूत आहे. तिथं तरणा जळबा अजून मोठ्या आवाजात फाशी सुनावतो आणि प्रमोद मान खाली घालतो. जळबानं त्याला सोडलं, मला ते जमत नाही. कधी कुणाच्या हाती लागलेच, तर मला लावून बघू नका. तेवढा तुकडा पुसा. वर काहीही भरा, कुणाची हळदसुद्धा चालेल.