चालता येईना, फरशी ओली

मास्तर शाळेतले नव्हते, शिलाईतले होते. अख्खा जन्म पायाच्या मशीनवर गेला, आणि त्याच पायाच्या खुब्याचं हाड घरच्या बाथरूममध्ये घसरून मोडलं. ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, आमचं काम संपलं, आता तुमचं सुरू. पण मास्तर काही आपलं काम सुरू करेनात.

ते घाबरले होते, पण तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती. व्यायाम घेणारी मुलगी रोज सकाळी वॉकर धरून त्यांना चार पावलं चालवायची आणि बजावून जायची, "दुपारी, संध्याकाळी आपणहून दारापर्यंत जाऊन यायचं बरं का, आजोबा." संध्याकाळी सिस्टरनी विचारलं की मास्तर बेधडक सांगत, "दोनदा जाऊन आलो." वॉर्ड भरलेला, सिस्टर एकट्या. त्या मान डोलावून पुढच्या खाटेकडे वळत. घरी बायको एकटी होती आणि तिला आता धड दिसत नव्हतं. आपलं आपण चालता आलं की घरी सोडू, असं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. तेव्हा पायांनी जमत नव्हतं ते मास्तर तोंडाने उरकत होते. घरी गेलो की चालेन, घरची जमीन ओळखीची आहे, असं ते मनाला समजावत. हाड त्याच ओळखीच्या जमिनीवर मोडलं होतं, हे सोयीस्करपणे विसरत.

वॉर्डाची सफाई मावशींकडे होती. जीभ तिखट, हात चोख. सबंध खोलीवर एकदम पाणी त्या कधी फिरवत नसत. आधी एक बाजू पुसायची, कोरड्या फडक्याने टिपायची, ती वाळली की मग दुसरी. बाथरूमकडे जाणाऱ्याला कधीही कोरडी वाट मिळाली पाहिजे, हा त्यांचा नेम होता. तो त्यांना कोणी शिकवला, हे विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती.

एका संध्याकाळी सिस्टर विचारून गेल्यावर खाटेखालून पुसणं काढताना मावशी थबकल्या. "मास्तर, चपला मी सकाळी ठेवल्या तशाच आहेत. दारापर्यंत गेलात म्हणे दोनदा. उडत गेला होतात का?"

शेजारच्या खाटेवरचे ड्रायव्हर खुसखुसले. ते ट्रक चालवायचे. आता दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते, पण हसायला हात लागत नाहीत.

मास्तरांचे कान तापले. "फरशी ओली असते तुमची. पुन्हा पडू का मी?"

मावशींनी वाकून फरशीवरून तळहात फिरवला आणि त्यांच्यापुढे धरला. "दाखवा कुठे ओल आहे ती. लोकांचं नाचता येईना अंगण वाकडं, तुमचं चालता येईना फरशी ओली!"

वॉर्डभर हशा पिकला. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जाताना मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टरना नाही सांगत मी. उद्या पुसून झालं की मी दारात उभी राहते. तुम्ही माझ्यापर्यंत या. बस."

पण दुसऱ्या दिवशी मावशींच्या आधी डॉक्टर आले. गुडघा वाकवून बघत म्हणाले, "पाय अजून आखडलेलाच आहे. चालताय ना नीट?"

खरं बोलायची वेळ हीच होती, आणि मास्तरांनी ती घालवली. "चालतो हो. पण ती बाई फरशी ओलीच सोडून जाते. काल घसरता घसरता वाचलो."

डॉक्टरांनी सिस्टरांकडे बघितलं. चालता येतंय तर उद्या घरी सोडू, असं सांगून ते गेले. हॉस्पिटलात पेशंट घसरला म्हणजे साधी गोष्ट नसते. तासाभरात मावशींची रवानगी तळघरात झाली, चादरी धुण्याच्या कामावर.

त्यांच्या जागी एक नवा माणूस आला. त्याने बादली उपडी करावी तसा सगळा वॉर्ड एका दमात चिंब केला आणि निघून गेला. दुपारी ड्रायव्हरना तहान लागली. पाण्याचा पेला टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला होता, आणि बेलचं बटण खाटेमागे लोंबत होतं.

"रोज मावशी उशाशी अडकवून जायच्या," ड्रायव्हर म्हणाले. "हनुवटीने दाबायचो मी. तुमचंही त्याच अडकवायच्या, मास्तर."

मास्तरांनी स्वतःच्या उशाकडे पाहिलं. बटण तिथेच होतं, काल मावशींनी अडकवलेलं. ते तिथे कसं येतं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. त्यांनी ते दाबून ड्रायव्हरसाठी पाणी मागवलं, पण जीव काही स्वस्थ बसेना. मागे एकदा एका बाईने भर दुकानात त्यांच्या अंगावर ब्लाउज फेकला होता. बाई चांगली दोन बोटं सुटली होती आणि म्हणत होती, मास्तर, तुमचं मापच चुकलं. गिऱ्हाइकांदेखत ते ऐकून घेताना काय वाटलं होतं ते मास्तर विसरले नव्हते. आज आपण वेगळं काय केलं, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते फरशी वाळायची वाट बघत बसले. वाळली तसे वॉकर ओढून उठले. दार आलं, दार मागे पडलं, आणि ते सिस्टरांच्या टेबलापाशी जाऊन ठेपले.

"सिस्टर, मी कधी घसरलो नाही. मी खोटं बोललो. घसरायला मी खाटेवरून उतरलोच नव्हतो."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आपणहून चालत नव्हतात? मग उद्या घरी नाही सोडता येणार. मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

"सांगा," मास्तर म्हणाले.

घरी फोन करणं त्याहून अवघड होतं. बायको म्हणाली, "अहो, मी राहते. शेजारीण आहे बघायला. पण आता पुरते बरे होऊन या."

दुसऱ्या सकाळी मावशी वॉर्डात परत आल्या. मास्तरांकडे न बघता त्यांनी निम्मी खोली पुसली, टिपली.

"मावशी, चुकलो मी," मास्तर म्हणाले.

"तळघरात पाठवलं त्याचं काही नाही." मावशींचा तिखट आवाज आज कापत होता. "कामाला कोण भितो? पण खाली सगळ्या बाया विचारत होत्या, कोण पडलं गं तुझ्या फरशीवर? इतकी वर्षं कोणी पडलं नाही हो माझ्या फरशीवर. काय उत्तर देणार होते मी?"



त्यानंतर मात्र मास्तर खरंच चालले. आधी दारापर्यंत, मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत. मावशी पुसत पुढे जायच्या, मास्तर मागून यायचे. बोलणं बेताचंच व्हायचं. घरी सोडायच्या दिवशी त्यांना न्यायला आलेला भाचा गाडी आणायला गेला, तशी मास्तरांनी मावशींना हाक मारली.

"तळघरात लिफ्ट जाते का हो?"

"जाते. तुमचं काय काम तिथे?"

"आहे. तुम्ही चला माझ्याबरोबर."

तळघरात मशिनांचा घरघराट होता आणि ओल्या कपड्यांचा वास. फरशीवर जागोजागी पाण्याची थारोळी. लिफ्टच्या दारात मास्तर क्षणभर थांबले, मग वॉकर टेकत, एकेक थारोळं चुकवत आत शिरले. बायांनी हातातल्या चादरी खाली ठेवल्या. हा कोण म्हातारा, असं त्या एकमेकींना डोळ्यांनी विचारत होत्या.

"ह्यांच्या फरशीवर कोणी पडलं नाही," मास्तर मशिनांच्या वर आवाज चढवून म्हणाले. "मी चालायला भीत होतो, म्हणून खोटं बोललो. ह्यांच्या कामात काही खोट नाही."

मावशी त्यांच्या मागे अगदी जवळ उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते पुसायला हात मोकळे नव्हते. मास्तर पडलेच तर धरता यावं, म्हणून दोन्ही हात पुढे होते.