पाच नंबर

वाल्तेर तेचेराला एखादी गोष्ट पटवून देण्यापेक्षा ओला गालिचा एकटीने जिना चढवून नेणं सोपं. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगते. सव्वीस वर्षं मी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाच्या धुलाईखान्यात काढली. आता आमच्या सरकारमान्य गांजा क्लबातही धुण्याचंच काम करते, फक्त चादरींऐवजी फुलं धुते. बर्फाच्या पाण्यात फुलं ढवळायची, त्यांच्यावरचे राळेचे दाणे सुटून खाली बसतात, ते जाळीच्या पिशव्यांतून गाळून वाळवले की झाला चरस. झाडं वाढवायची वाल्तेरने, धुवायची मी. आणि आम्हा दोघांची भांडणं सोडवायची मिर्ताने.

मिर्ता वाल्तेरची बायको आणि माझी मैत्रीण. गेल्या हिवाळ्यात ती गेली. जाण्याआधी तिने स्वतः संकर करून धरलेल्या दहा बिया बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. वाल्तेरने त्या पेरल्या. पाच नर निघाले, ते उपटले. पाच माद्या राहिल्या, त्यांना एक ते पाच नंबर दिले.

कलमं घेण्यासाठी जपलेल्या आईझाडांच्या खोलीत सहाच कुंड्या मावतात आणि त्यातली एकच रिकामी होती, खास धुण्याच्या झाडासाठी राखलेली. फाबियाना, आमची अध्यक्षीण, सरळ बाई आहे. ती म्हणाली, "एप्रिलातल्या सभेपर्यंत धुऊन दाखवा. चांगलं निघालं तर मिर्ताचं झाड ठेवू. नाहीतर मी मोन्तेविदेओहून कलम आणते." तिचं काही चुकलं नव्हतं. पण म्हणजे सभेच्या त्या रविवारी मिर्ताचं काहीतरी त्या कुंडीत तरी राहणार होतं, नाहीतर कायमचं संपणार होतं.

वाल्तेरने निवड फेब्रुवारीतच करून टाकली होती. तीन नंबर. ते झाड दिसायला होतंच तसं, साखर भुरभुरल्यासारखं पांढरं, आणि पिकल्या पेरूचा असा वास की फाटकापाशी यावा. संध्याकाळी हा काखेत थर्मास मारून त्याच्यापाशी बसायचा आणि मात्तेचा कडू चहा नळीने ओढत त्याच्याशी बोलायचा. कलमही त्याने त्याच एकाचं घेतलं.

"बाकीच्यांची पण घे ना रे," मी म्हटलं.

"कशाला? डोळे आहेत मला."

"पाच नंबर चोळून बघ जरा. बोटाला चिकटत नाही. वाळूसारखं लागतं."

"किनारा दोनशे मीटरवर आहे, नेली. इथे सगळंच वाळूसारखं लागतं."

पाच नंबर म्हणजे किडकिडीत, मळकट हिरवं, वासाला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. मलाही त्याचं कौतुक नव्हतं. पण मिर्ता नेहमी सांगायची की ओढायचं झाड नाकाला कळतं, धुवायचं मात्र चोळूनच बघावं लागतं. जी राळ बोटाला लोण्यासारखी माखते ती जाळीलाही तशीच माखते. वाल्तेरने हे हजारदा ऐकलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

तिच्या आणखी एका गोष्टीवर तो वीस वर्षं हसत आला. झाड कापताना मिर्ता सगळ्यात खालची एक फांदी तशीच सोडायची, प्रत्येक झाडाची. "पाठ दुखते, वाकवत नाही, म्हण की," हा म्हणायचा. ती म्हणायची, "हो, पाठच दुखते," आणि पुढच्या झाडाकडे वळायची.

कापणीच्या दिवशी मी बहिणीकडे मीनासला गेले होते. परत आले तेव्हा पाच झाडांची फुलं पाच वेगळ्या पिशव्यांत फ्रीझरमध्ये गोठली होती. सभेच्या आदल्या दिवशी सकाळीच मी बादल्या मांडल्या.

तीन नंबर पहिलं धुतलं, वाल्तेरच्या समाधानासाठी. पाणी हिरवं झालं, फेस आला, पेरूचा वास खोलीभर पसरला आणि जाळीवर तेलकट थर बसला. खरवडून खरवडून चमचाभर निघालं. एक, दोन आणि चार यांचंही फार वेगळं नव्हतं. पाच नंबर मी शेवटी घेतलं. पिशवी उचलली तेव्हा ती हाताला जड लागली. तळाशी फिकट बदामी रंगाची ओली वाळू, चांगली मूठभर. पिशवी तिरपी केली तर सगळी आपोआप घसरून एका कोपऱ्यात आली, जाळीला एक दाणा चिकटला नाही. कणभर घेऊन ऊब दिली तर स्वच्छ फेसाळून वितळलं, मागे कचरा राहिला नाही. इतकं सुंदर धुणं माझ्या हातून कधीच झालं नव्हतं, आणि मला रडू येत होतं.

कारण पाचचं कलम नव्हतं. झाड कापलं गेलं होतं. बायकोच्या दहा बियांतलं एकच खरं झाड तू ओळखलं नाहीस, हे आता मला त्याला सांगायचं होतं.

दोन बशा समोर होत्या. पाचचा चरस तीनच्या बशीत ठेवला असता तर फाबियाना खूश, वाल्तेर खूश, कुंडीत मिर्ताचं झाड. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मी बशी उचललीही. मग खाली ठेवली. खोटं धुणं मिर्ताने मला माफ केलं नसतं.

दुपारी चार वाजता वाल्तेर आला. त्याने भरलेल्या बशीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे तीनचं?"

"पाचचं."

"आणि तीनचं?"

मी दुसरी बशी दाखवली. मग पाचची चिमूट घेऊन त्याने बोटांत चोळली.

"वाळू," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं तुला," मी म्हटलं, आणि लगेच माझी मलाच लाज वाटली.

त्याने मात्तेचं भांडं भरलं, पहिलं मला दिलं. पाणी कोमट होतं. मी तसंच प्यायले.

"माझ्या हातून गेलं असतं, नेली," तो म्हणाला. "चल, मागे ये जरा."

शेडच्या मागे वाफ्यात पाच बुडखे ओळीने उभे होते. मला वाटलं होतं, त्याने ते केव्हाच उपटले असतील. प्रत्येक बुडख्यावर जमिनीलगत एक फांदी होती. पाचावरही होती, बोटाएवढी जाड, कडांनी पिवळी पडलेली अकरा पानं. मी मोजली.

"तू तर हसायचास तिला."

"हसायचो."

"मग?"

"कात्री घेऊन वाकलो," तो म्हणाला. "पाचही वेळा वाकलो. नाही कापवली."

आम्ही तो बुडखा मुळांसकट हातांनीच उकरला, कारण फावड्यावर दोघांचाही विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी सभेत फाबियानाने बशी पाहिली, कुंडीतली ती केविलवाणी फांदी पाहिली आणि म्हणाली, "ऑगस्टपर्यंत वाट बघते. जगलं तर तुमचं."

मे महिना पानं गळण्यात गेला. जूनमध्ये वेडीवाकडी, एकेका पात्याची पालवी फुटली. जुलै संपता संपता झाड झाडासारखं दिसायला लागलं. तीन नंबरचं कलम वाल्तेरने घरी अंगणात नेलं, वासासाठी.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी त्याने पाचची कलमं घेतली. मी कलमं लावायचे पेले धरून शेजारी उभी होते. आठ झाली, नऊ झाली, आणि सगळ्यात खालच्या फांदीपाशी येऊन त्याने कात्री मिटली.

"ती राहिली की," मी म्हटलं.

"पाठ दुखते," वाल्तेर म्हणाला.