पापणीएवढा वारा

सहादेव मास्तरांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात वाऱ्याची नळी बांधायला घेतली, त्याला आता दुसरा उन्हाळा लागला होता. पुष्पावतीला नवऱ्यापेक्षा त्या नळीचीच प्रकृती जास्त ठाऊक झाली होती. लांबलचक लोखंडी नळी, मध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा पडदा. एका अंगाला ट्रकच्या टायरचा पंप लावून हवा ठासायची, दुसऱ्या अंगाची उपसून काढायची. ताण सोसवेना की पडदा फाटतो आणि आवाजालाही मागं टाकणारा वारा सुटतो. पापणी लवायच्या आत संपतोही. तसला वारा तासभर वाहता ठेवायचा तर अख्ख्या तालुक्याची वीज पुरायची नाही. म्हणून मास्तरांनी क्षणभराचाच मागितला. मागणं कसं मागावं ते या माणसाकडून शिकावं, असं पुष्पावतीला वाटे.

आज मात्र फोटो निघायलाच हवा होता. संस्थेचे अध्यक्ष आबा त्या खोलीत टायपिंगचा वर्ग भरवणार होते. डोळ्यांना काही दिसलं तरच नळी राहणार, नाहीतर भंगारात.

खोलीत अंधार केला. कॅमेरा उघडाच ठेवलेला. पडदा फुटल्याचा दणका नळीला चिकटवलेला मायक्रोफोन ऐकणार, तोच विजेची ठिणगी पाडणार, आणि त्या उजेडात वारा टिपला जाणार. हवा भरत आली, आणि शुभकार्य कोरडं कसं करायचं म्हणून आबांनी बरोबर आणलेला नारळ नळीच्या लोखंडी घोडीवरच फोडला.

ठिणगी पडली, ती नारळाच्याच दणक्यानं. मागून पडदा फाटला तेव्हा नुसता अंधार.

"झालं? एवढंच?" आबा म्हणाले. "एवढ्यात तर शिंकबी व्हत न्हाई, मास्तर."

मास्तर रागावले नाहीत. यंत्राचे कान तिखट आहेत एवढं तरी कळलं, असं म्हणत त्यांनी नवा पडदा बसवला, कॅमेऱ्यात फोटोची नवी काच घातली.

"आबा, आता देवाचं नावसुद्धा मनातच घ्या."

बांगड्यांनी काही बिघडणार नव्हतं, तरी पुष्पावतीनं त्या मुठीत धरल्या. बाहेर पंप धापा टाकत राहिला. मग दणका, आणि त्याच्याच पोटात ठिणगी.

काच धुऊन मास्तरांनी ती ओलीच खिडकीशी धरली. वाऱ्याच्या वाटेत बसवलेली चिंचोक्याएवढी पितळी गोळी दिसत होती. तिच्या पुढ्यात, तिला न शिवता, दबलेल्या वाऱ्याची एक बारीक रेघ वाकून उभी होती. इतकी नेटकी कड पुष्पावतीच्या भाकरीलाही कधी जमली नव्हती.

आबांनी काच लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"वाऱ्याला बी आकार असतो व्हय?"

"असतो," मास्तर म्हणाले. "आपली नजर पोचत नाही तिथवर."

आबांनी शिपायाला टायपिंगची टेबलं व्हरांड्यात लावायला सांगितलं. मग घरी दाखवायला म्हणून काच मागितली. ती मात्र मास्तरांनी दिली नाही.