हात बसलेला नाही

"तार दुहेरी कर. आता तिरपी घाल. हां. हूक अडकव अन् खेचून फिरव... बस्स. जादा फिरवलं की तार तुटती," अलीमचाचा म्हणाले.

वंदनाने तार पिळायचा हूक काढून घेतला. दोन सळया जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे तार घट्ट आवळली होती आणि तिची टोकं आत वळलेली होती. अलीमचाचांनी सळई दोन्ही हातांनी हलवून पाहिली. गाठ ढळली नाही. शेजारचे दोघे शिकाऊ तिच्याआधी लागलेले, पण त्यांच्या गाठी अजून सैल पडत. चाचांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तशी त्यांनी माना खाली घातल्या.

शहागडच्या अलीकडे हमरस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं. अलीमचाचा जालन्याचे. उभा जन्म त्यांनी लोखंड बांधण्यात घातला होता. आता गुडघे वर चढू देत नव्हते, म्हणून ठेकेदाराने त्यांना नव्या माणसांना शिकवायला ठेवलं होतं. आजवर किती जणांच्या हाती त्यांनी पहिला हूक दिला असेल, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यात एक केदारखेड्याचा कल्याण होता. वंदनाचा नवरा.

कल्याण गेल्या थंडीत गेला. पुण्याकडे एका गोदामाच्या कामावर पायाखालची फळी सरकली. चाचा मातीला गेले होते, पण गर्दीच्या कडेलाच उभे राहिले. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी वंदना याच पुलावर घमेली वाहायला आली. एकदा दुपारच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाल्यावर ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"चाचा, मला लोखंड बांधायचं शिकवा."

"बायका न्हाई करत हे काम."

"बायका सळया वाहतात, ते चालतं?"

"पोरी, याच कामानं तुझं घर खाल्लं."

"कामानं न्हाई खाल्लं. फळी कुणी बांधली न्हवती, त्यानं खाल्लं," ती म्हणाली. "डोक्यावर घमेलं घेऊन मी म्हातारी होईन, चाचा. तृप्ती शाळेत सांगती, माझे पप्पा फिटर होते. तिला सांगता यावं, मम्मी बी फिटर आहे."

फिटर म्हणजे लोखंड बांधणारा कारागीर. कामावर तेवढं एकच नाव मानाचं. बाकीचे सगळे बिगारी. चाचांनी तारेची एक गुंडाळी तिच्यापुढे सरकवली.

शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं की हिच्या बोटांत उपजतच काहीतरी आहे. सळयांच्या कड्या वाकवताना तिचा कोन चुकत नसे. कल्याणही चांगला होता, पण तो घाई करायचा. ही करत नव्हती. घरी जेवताना चाचा बायकोला, अकबरबीला, तिच्याबद्दल सांगत आणि अकबरबी म्हणे, किती दिवसांनी तुम्ही कामाची गोष्ट काढताय.

खांबांचे लोखंडी सांगाडे वर चढवायची वेळ आली, तेव्हा एका सकाळी मुकादम रामराव चाचांकडे आला. "वरची दोन माणसं गावाला गेल्ती, ती आलीच न्हाईत. वंदनाबाईचा हात कसा आहे? तुम्ही बराबर म्हणला तर तिला वर घेतो. मंग ती आपली फिटर."

"उद्या सांगतो," चाचा म्हणाले. खरं तर तेव्हाच हो म्हणायला हरकत नव्हती. रात्री घरी जाऊन अकबरबीला सांगावं आणि सकाळी वंदनाच्या डोक्यावर हात ठेवावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. वंदनाच्या कानावर ते गेलंच होतं. तिने आनंदात गावी फोनही केला.

त्याच दुपारी केदारखेड्याहून तिची सासू, सोनूबाई, एसटीने आली. सुनेला भेटायच्या आधी ती चाचांना शोधत आली. उन्हाने तिचा चेहरा काळवंडला होता.

"अलीमभाई, माझ्या पोराला तुम्हीच शिकवलं ना?"

"हो, बाई."

"आता सुनेला शिकवून राह्यले. मंग नातीला?" तिचा आवाज चढला नाही. "तुमच्यावर माझा राग न्हाई. पर ती वर चढली तर पोरीला मी माझ्याकडं ठेवून घेईन. आई खाली पडलेली त्या लेकरानं बघायची न्हाई. तुम्ही तिला थांबवा. तुमचं ती ऐकती."

चाचांनी तिला पाणी दिलं. ती ते उभ्यानेच प्यायली आणि सुनेला न भेटताच तिने परतीची एसटी धरली.

सकाळी रामरावने विचारलं तेव्हा वंदना तिथेच, हाताच्या अंतरावर, तार कापत बसली होती.

"हात बसलेला न्हाई अजून," चाचा म्हणाले. "जमिनीवरच राहू द्या तिला."

रामराव चकित झाला. "तुम्हीच तर कौतुक करत होते, चाचा."

"कौतुक वेगळं, वर चढणं वेगळं."

वंदनाची पक्कड थांबली. तिने वर पाहिलं नाही. दुपारपर्यंत ती काम करत राहिली. सुट्टीत सगळे सावलीला गेले, तेव्हा ती चाचांना आपण बांधलेल्या जाळीपाशी घेऊन गेली.

"कोणती गाठ चुकली, चाचा? दाखवा. परत बांधते."

चाचा जाळीवरून नजर फिरवत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या गाठी होत्या. सोनूबाईचं नाव त्यांच्या ओठावर आलं. पण ते सांगितलं तर सासू-सुनेत कायमचं तुटेल असं वाटून त्यांनी ते गिळलं.

"दाखवतो नंतर," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. त्यानंतरही आली नाही.

दिवाळी झाल्यावर तिची खबर लागली. जांब समर्थच्या रस्त्याला पाण्याची टाकी बांधत होते, तिथे ती होती. एका सुट्टीच्या दिवशी चाचा अकबरबीला न सांगता एसटीत बसले.

टाकीचं कडं उंचावर चाललं होतं. गड्यांच्या मधोमध पिवळी टोपी घातलेली, पदर कमरेला खोचलेली ती दिसली. चाचांनी आधी तिचा सुरक्षेचा पट्टा पाहिला. पट्ट्याचा दोर वरच्या नळीला नीट अडकवलेला होता.

"कोण पाहिजे, बाबा?" तिथल्या तरण्या मुकादमाने विचारलं.

"कुणी न्हाई. ती बाई..."

"आमची फिटर आहे. एकटीच राहती, पोरगी सासूकडं ठेवली म्हणे. पर हात असा की माझे जुने गडी बघत बसतात." मुकादम कौतुकाने वर पाहत राहिला. "कुठं शिकली म्हणून इचारलं, तर म्हणती, नवऱ्यानं शिकवलं."

"बराबर आहे," चाचा म्हणाले. "कल्याण नाव होतं त्याचं. चांगला फिटर होता."

"ओळखीची दिसती तुमच्या. हाक मारू का?"

"नको," चाचा म्हणाले. "वरच्या माणसाला काम चालू असताना खालून हाक मारू नये."

ते रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. तिथे सावली नव्हती. वर वंदना त्यांच्याकडे पाठ करून एकेक गाठ बांधत पुढे सरकत होती. कड्याला वळसा घालून ती पलीकडे दिसेनाशी झाली, तरी एसटी अजून यायची होती.